ओठ न लावता

नरहरी ऊर्फ भाऊ टेंबेकरांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही भांड्याला ओठ लावला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. पाणी असो, ताक असो, लग्नातलं सरबत असो नाहीतर फलाटावरचा चहा असो, भाऊ मान मागे टाकणार, आ करणार, भांडं वीतभर वर धरणार आणि धार सरळ घशात सोडणार. सदऱ्यावर एक थेंब सांडेल तर शपथ. एकदा म्हणे हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत, डबा हेलकावे खात असताना, त्यांनी अख्खा तांब्या असा रिकामा केला आणि समोरच्या बाकावरच्या शेटजींनी चक्क हात जोडले. ही गोष्ट भाऊ स्वतःच सांगत, त्यामुळे शेटजींनी हात जोडले की कपाळावर मारून घेतले, ते आपण सोडून देऊ.

ही शिस्त आईची. टेंबेकरांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेमागून दप्तर घेऊन रायपुरात आलं आणि तळ्याकाठच्या बुढापारा मोहल्ल्यात राहिलं ते राहिलंच. तळं तिथलं, बोली तिथली, भाताचं प्रेम तिथलं, पण घरातलं सोवळं मात्र नागपुरी. ओठ लागला की भांडं उष्टं, आणि उष्टं भांडं पाण्याच्या हंड्याजवळ गेलं की आईचा हात गालावर. चार वर्षांच्या नरहरीने अशा दोन थपडा खाल्ल्या, तिसरी खाल्ली नाही. पुढे आई गेली, हंडा गेला, घरात फिल्टर आला, सून भांडी मशीनमध्ये घालायला लागली. भाऊंची मान मात्र मागे जायची ती जातच राहिली. चहासुद्धा ते तसाच घेत. आता कढत चहा असा घशात ओतला तर माणूस जायचाच, म्हणून आधी तो कोमट होईपर्यंत बाजूला ठेवायचा आणि मग वरून.

गंमत अशी की या माणसाची सगळी नोकरी गेली ती भांड्यांत. आधी जुन्या शहरातल्या सरकारी विश्रामगृहाचे भांडारपाल, आणि नवी राजधानी उभी राहिल्यावर नव्या रायपुरातल्या हॉटेलचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचे भांडारपाल. काचेचा पेला नखाने टिचकी मारून ऐकायचे आणि सांगायचे, याला आतून तडा आहे, हा पाहुण्यापुढे ठेवू नका. आणि खरंच तडा निघायचा. तसंच त्यांच्या शब्दाचं. नाकासमोर चालणारा माणूस. भाऊ म्हणाले म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. संस्थेत कुठेही वाद झाला की लोक म्हणत, टेंबेकर बाबू को पूछ लो, वो झूठ नहीं बोलेंगे. एकसष्ट वर्षांत या माणसाने दुसरं काही कमावलं नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

अशात स्नेहल आली.

स्नेहल रेल्वे कॉलनीतली. वडील गार्ड होते, मूळचे गोंदियाचे. पोरगी नाशकाकडे द्राक्षाच्या वाईनच्या कारखान्यात चार वर्षं काम करून, तिथलं सगळं शिकून आलेली. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सगळं सोडून परत आली, कारण त्यांना उठवायला, बसवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. तिला जे येत होतं ते शिकवायची अख्ख्या रायपुरात ही एकच जागा. कंत्राटाची नोकरी, दरवर्षी नव्याने सही. ती राहिली तर बापाजवळ राहणार, गेली तर पुन्हा दूर जावं लागणार, इतका साधा हिशेब होता.

ती वर्गात एक प्रयोग करायची. एकच लाल वाईन चार पेल्यांत ओतायची. एक मोठ्या पोटाचा आणि तोंडाशी मिटत आलेला, दुसरा तसाच पण लहान, तिसरा बोटासारखा उंच आणि अरुंद, आणि चौथा आपला रोजचा सरळ गिलास. मग पोरांना म्हणायची, आधी वास घ्या, मग घोट घ्या, आणि सांगा. पोरं घोट घ्यायची आणि एकमेकांकडे बघत राहायची. वाईन एकच, पण चार पेल्यांत चार तऱ्हेची लागायची. ती समजावून सांगायची, जीभ बिचारी आंबट, गोड, खारट, कडू एवढंच ओळखते, बाकी सगळी चव नाकाची. पोटाच्या पेल्यात वास साठतो, मिटलेलं तोंड त्याला धरून ठेवतं. सरळ गिलासातून तो उडून जातो.

संचालकसाहेबांना हे पटत नव्हतं. त्यांनी नाइलाज म्हणून चालू दिलं होतं. पण एकदा मंत्रालयातले कोणी पाहुणे आले, त्यांच्यासमोर हा प्रयोग झाला आणि पाहुणे घोट न घेताच हसले. "काँच बदलने से स्वाद बदलता है? मैडम, ये पढ़ाई है कि जादू?" सगळे हसले. संचालक हसले नाहीत, त्यांचा अपमान झाला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिघांची समिती नेमली. तिघांनी वेगवेगळं, एकमेकांशी न बोलता चाखायचं आणि लिहून द्यायचं. फरक नाही असं ठरलं तर मुलांना खोटं शिकवलं म्हणून कंत्राट बंद. आणि तसा शेरा कागदावर पडला की या मुलीला पुन्हा कुठल्याही संस्थेच्या दारात कोणी उभं केलं नसतं.

समितीत स्वयंपाकाचे शिक्षक नीलकंठ मास्तर होते, लेखापाल होते आणि तिसरे अर्थात टेंबेकर बाबू.

भाऊंनी दारूच्या थेंबाला कधी हात लावला नव्हता. पण सरकारी काम ते सरकारी काम. त्या दिवशी ते आंघोळ करून, गजाननाला हात जोडून, "देवा, कर्तव्य आहे" असं सांगून गेले. रिकाम्या खोलीत पांढऱ्या कापडावर चार पेले मांडले होते. दार बंद. भाऊंनी सवयीने चारही पेल्यांना टिचक्या मारल्या, चारही निर्दोष होते. मग मान मागे टाकली, श्वास रोखला आणि एकेक पेला वरून घशात रिता केला.

उंच अरुंद पेला सगळ्यांत सोयीचा निघाला, त्याची धार सुतासारखी सरळ. सरळ गिलासही ठीक. मोठ्या पोटाच्या पेल्याने मात्र त्रास दिला. तो तिरपा केला तरी वाईन पोटातच अडते आणि मग एकदम आडवी येते, नाकात जायची वेळ आली होती. पण चव? चारही वेळा घशाखाली काहीतरी आंबट, तुरट गेलं आणि छातीत जरा ऊब आली. यात कसला आलाय फरक? भाऊंना त्या मुलीची दयाच आली. मग त्यांनी कागद ओढला आणि सुंदर वळणदार अक्षरात, हिंदीत, लिहिलं: चारों ग्लास से पिया. धार में फर्क है, स्वाद में नहीं. खाली सही, तारीख.

मास्तरांनी फरक आहे असं लिहिलं होतं. लेखापालांनी नाही असं लिहिलं होतं, त्यांच्या तोंडात चोवीस तास गुटखा असायचा. म्हणजे निकाल भाऊंच्या कागदावर लागला. आणि त्या कागदातला 'धार' हा शब्द कोणालाच खटकला नाही. संचालकांना वाटलं, बाबू लोकांची बोलायची तऱ्हा असेल.

शनिवारी स्नेहल भांडाराच्या खिडकीशी आली. चेहरा उतरलेला, पण आवाज नीट.

"काका, एक विचारू का? तुम्ही खरंच चारही चाखले?"

"पोरी, मी खोटं नाही लिहीत."

"माहीत आहे मले. म्हणून तर आली." तिने खिडकीचा गज धरला. "दुसऱ्या कोणी लिहिलं असतं ना, तर मी भांडली असती. पण तुम्ही लिहिलं. आता मलेच वाटून राहिलं की माझंच नाक मले फसवत असंन. चार वर्षं मी जे शिकली ते सगळं खोटंच असंन."

"असं नको म्हणू."

"मग काय म्हणू, काका?" ती म्हणाली. "सोमवारी शेवटचा तास आहे. साहेब बोले, ते क्लास घेऊन टाका आणि संध्याकाळी चार्ज द्या."

ती गेली. भाऊंना वाईट वाटलं, पण बोचलं काही नाही. सत्य कडू असतं, अशा वेळी माणसाने कडू बोलायचं असतं, एवढं सगळं स्वतःशी बोलत ते बसमध्ये बसले. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून घरी येईपर्यंत त्यांचं मन पुन्हा जागेवर आलं होतं.

घरी त्यांची पत्नी विनोदिनीबाई गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या.

"त्या पोट्टीचं काय झालं हो?"

"काय होणार? सोमवारपासून नाही. मी काय करू सांग! जे खरं ते लिहिलं. धारेत फरक आहे म्हटलं, चवीत नाही."

शेंग मोडता मोडता हात थांबला. "धारेत? कसली धार?"

"कसली म्हणजे? गिलासाची. तो मोठ्या पोटाचा आहे ना, त्याची धार अशी आडवी येते..." भाऊ हाताने दाखवायला लागले.

"तुम्ही वरून पेले?"

"मग? त्याले काय तोंड लावू?"

एरवी अशा वेळी बाई "गाढवाला गुळाची चव काय" असं म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. आज त्या हसल्या नाहीत. मांडीवरची परात खाली ठेवून त्या नवऱ्याकडे अशा बघत राहिल्या, जसा कोणी परका माणूस विचारल्याशिवाय घरात येऊन बसला आहे.

"अहो, त्या पोट्टीची नोकरी तुम्ही वरून ओतून घालवली," त्या म्हणाल्या.

भाऊ तडकले. "काहून? चव जिभेवर असते. जीभ तर माहीच होती ना!"

"वरून पेताना श्वास घेता का तुम्ही?"

"कोण घेईन? ठसका नाही लागणार?"

"मग नाक कुठं होतं तुमचं?"

विनोदिनीबाई उठल्या. त्यांनी चहा टाकला, आलं ठेचून घातलं, अंगणातल्या कुंडीतली गवती चहाची पाती तोडून घातली. गाळला आणि अर्धा एका रिकाम्या परातीत ओतला, अर्धा पितळी तांब्यात. परात रुंद आणि उघडी, तांब्या पोटाचा आणि गळ्याशी आवळलेला. दोन्ही नवऱ्यासमोर ठेवले.

"पेऊ नका. नाक लावा फक्त. आधी याले."

भाऊ वाकले. परातीतून गरम वाफ तोंडावर आली, बाकी काही नाही. गरम पाण्याचा येतो तेवढा वास.

"आता याले."

तांब्यावर नाक नेलं मात्र, भाऊ मागे सरकले. पुन्हा वाकले. आत आल्याचा तिखट वास होता, आणि त्याच्याखाली गवती चहाचा, हिरवा, लिंबासारखा, ओला, आणि त्याच्याही खाली दुधाचा. सगळे एकावर एक त्या गळ्याशी उभे होते आणि एकदम अंगावर आले. भाऊंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. परातीतला चहा आणि तांब्यातला चहा एकाच पातेल्यातून गाळलेला त्यांनी आत्ता डोळ्यांनी पाहिला होता.

"हे... हे काय टाकलं तू याच्यात?"

"रोज टाकते तेच."

"रोज?"

"सदतीस वर्षं झाली," विनोदिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "लग्न होऊन आली तेव्हा माहेरून ती कुंडी आणली होती. मले वाटे, चहा चांगला झाला की हा माणूस कधीतरी म्हणंन. एकदा तरी म्हणंन. तुम्ही थंड करून घशात टाकत आणि डब्बा मागत. मी म्हटलं जाऊ दे, कौतुक करायचा स्वभाव नाही. माझी माय बी म्हणे, माणूस सरळ आहे, कौतुकाचं काय घेऊन बसली. आज समजून राहिलं मले. तुमाले कधी वासच नाही आला."

भाऊ भिंतीला टेकून खाली बसले. बाईंनी तांब्या पुढे केला, "लावा ओठ, प्या." त्यांनी मान हलवली. ओठ जवळ नेला की चार वर्षांच्या नरहरीचा गाल चुणचुणायला लागला. एकसष्ट वर्षांचा माणूस, केस पिकलेले, आणि एका तांब्याला भीत होता.

रविवार त्यांचा कसा गेला ते विचारू नका. घरात ते नाक घेऊन फिरत होते, दुसरा शब्द नाही. लोणच्याच्या बरणीत नाक, तुपाच्या लोटीत नाक, देव्हाऱ्यातल्या कापराच्या डबीत नाक. प्रत्येक वेळी दचकायचे. नात स्वरदा हिंदीत ओरडली, "आजी, आबा को क्या हो गया?" आजी म्हणाली, "काही नाही, त्यांना आज वास सापडला." पण भाऊंना वासाचा आनंद होत नव्हता. प्रत्येक वासासोबत भांडाराच्या खिडकीशी गज धरून उभी राहिलेली ती मुलगी दिसत होती. माझंच नाक मले फसवत असंन, असं म्हणणारी. सगळ्या जगात एकच माणूस नाक नसलेला निघाला होता, आणि तिच्या नाकाचा निकाल त्याने दिला होता. तोही छातीला हात लावून, खरं बोलतो म्हणून. खोटारड्याने केलं असतं तर कोणीतरी संशय घेतला असता. मी खरं बोलतो या एका गोष्टीनेच तिचा गळा दाबला, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही.

सोमवारी ते पहिल्या बसने गेले आणि संचालकांच्या केबिनबाहेर उभे राहिले. साहेब आल्याबरोबर भाऊ म्हणाले, "सर, वो मेरा कागज़ वापस दे दीजिए. वो गलत है."

संचालक बसले, चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता, पण फायलीत एकदा ठेवलेली गोष्ट परत बाहेर काढायची म्हटली की त्याच्या जिवावर यायचं. "टेंबेकर जी, आपने लिखा है, आपकी साइन है. अब तीन दिन बाद गलत हो गया? मैडम ने कुछ कहा क्या? रोना-धोना?"

एकसष्ट वर्षांत भाऊंना कोणी असं विचारलं नव्हतं. कानशिलं तापली. पण साहेबांना दुसरं काय वाटणार, हेही त्यांना समजत होतं.

"किसी ने कुछ नहीं कहा, सर. मैंने... मैं ऊपर से पीता हूँ."

"ऊपर से मतलब?"

भाऊंनी मान मागे टाकली आणि हवेतला पेला हवेतच ओतून दाखवला. साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर आधी त्यांचं तोंड उघडं राहिलं, मग ते इतके हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सब कुछ? चाय भी?"

"चाय भी."

"तो चलिए," साहेब उठले. "सबके सामने पीजिए. ठीक से. देखते हैं."

स्नेहलचा शेवटचा तास सुरू होता. वीसेक मुलं, टेबलावर पेले, ती फळ्याजवळ. दोघं आत आल्यावर तिने बोलणं थांबवलं. साहेबांनी काय झालं ते तिला सांगितलं, हातांनी नक्कल करून. मुलं खो खो हसली. स्नेहल हसली नाही. तिने एकदम भाऊंकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी न समजल्याचं, मग समजल्याचं, आणि मग एक मोठा श्वास सोडल्यासारखं काहीतरी आलं. तिचं नाक खरं होतं.

"काका, बसून प्या," ती म्हणाली. तिने एकाच बाटलीतून सरळ गिलासात आणि मोठ्या पोटाच्या पेल्यात थोडी थोडी वाईन ओतली. "आधी वास. मग ओठ लावा आणि थोडीशीच घ्या. श्वास रोखू नका."

भाऊंनी सरळ गिलास उचलला. ओठ काचेपासून बोटभर लांब थांबला. वीस पोरं बघत होती. गालावर ती चुणचुण आली. डोळे मिटून त्यांनी तो गार काठ ओठांत घेतला. काच ओठाला लागते तेव्हा कशी लागते हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. सगळ्या जन्मात काचेला त्यांनी नखाने विचारलं होतं, ओठाने कधी नाही. घोट आत गेला. आंबट, जरा तिखट, औषधी काढ्यासारखा.

मग तो मोठा पेला. त्यात नाक गेलं आणि भाऊ जागच्या जागी थिजले. टोपलीत जांभळं भरून वरचं फडकं काढावं, तसा वास. काळा, गोड, किंचित मातीचा. त्यांनी ओठ लावला. तीच वाईन, तीच बाटली, त्यांच्या डोळ्यांदेखत ओतलेली. पण ही दुसरीच होती, मऊ, लांब, घशाखाली गेली तरी तोंडात राहणारी. स्नेहलने पुढे होऊन त्यांच्या हातातला पेला घेतला, तेव्हा त्यांना कळलं की आपण रडतोय.

"फर्क है," ते म्हणाले. "बहुत फर्क है, साहेब."

"आज है," संचालक म्हणाले. आता ते हसत नव्हते. "पिछले हफ्ते नहीं था. मैं फाइल में क्या लिखूँ? कि टेंबेकर जी का मन बदल गया? कल को कोई पूछेगा, दबाव में बदला होगा."

आणि ते चुकीचंही बोलत नव्हते. ज्या सहीवर सगळ्यांचा विश्वास होता तीच सही आता भाऊंच्या विरुद्ध उभी होती. माणूस समोर उभा राहून सांगत होता, पण दगडावरच्या रेघेवर त्याच्यापेक्षा जास्त भरवसा होता, आणि ती रेघ त्यानेच मारली होती.

"सर, कागज़ दीजिए," भाऊ म्हणाले.

फाइल आली. स्वतःच्या त्या वळणदार ओळीखाली त्यांनी लिहायला सुरुवात केली. अक्षर आज वळणदार नव्हतं. मागील प्रतिवेदन असत्य है. मैंने चखा ही नहीं था.

साहेबांनी खांद्यावरून वाचलं आणि त्यांचा हात धरला. "अरे, ऐसा मत लिखिए. 'असत्य' मत लिखिए. भूल हुई, ऐसा कुछ लिखिए. ये तो सर्विस बुक में चढ़ेगा. आठ महीने बचे हैं आपके. झूठी रिपोर्ट देने वाला बाबू बनकर रिटायर होंगे?"

"काका, नका लिहू," स्नेहल म्हणाली. "मी बघून घेईन काही. बाबांना घेऊन जाईन कुठंतरी."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. आपलं नाव जातंय हे त्यांना दिसत होतं. बुढापाऱ्यात, भांडारात, बसमध्ये, चाळीस वर्षं जे नाव लोकांनी डोळे मिटून घेतलं होतं, ते या एका ओळीने जाणार होतं. त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतंही. "जे खरं ते लिहून राहिलो, पोरी," ते म्हणाले. "मागे बी तेच म्हटलं होतं, आता बी तेच." आणि 'असत्य' या शब्दाखाली त्यांनी एक ओळ ओढली, म्हणजे कोणाला तो 'भूल' करता येणार नाही. सही केली. तारीख घातली.

संचालकांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग कोरड्या आवाजात म्हणाले की एक मत रद्द झालं म्हणजे दोन उरले, एक इकडचं, एक तिकडचं. निकाल लागत नाही. नवी समिती नेमावी लागेल, ती नेमेपर्यंत मॅडम राहतील, क्लास चालू ठेवा. आणि टेंबेकर जी, आपको मेमो मिलेगा. ते गेले. मुलं आता हसत नव्हती, एक मुलगी डोळे पुसत होती आणि कशासाठी ते तिला स्वतःलाच ठाऊक नसावं.

स्नेहल भाऊंच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. आभार कुठल्या तोंडाने मानावेत ते तिला कळेना, म्हणून तिने तेच विचारलं जे ती वर्गात प्रत्येक मुलाला विचारायची.

"काका, कशासारखं लागलं?"

भाऊंनी त्या मोठ्या पेल्याकडे पाहिलं. काठावर त्यांच्याच ओठांचा ठसा उमटला होता.

"काय सांगू पोरी," ते म्हणाले. "मी आजपर्यंत काही पेलोच नाही. कशासारखं म्हणून सांगू?"